होरेझू
होरेझू : रुमानियाच्या ऑल्टेनिया प्रदेशातील लहान नगर व मृत्पात्रीकलेचे प्रसिद्ध केंद्र. लोकसंख्या ६,२६३ (२०११). व्हल्चा जिल्ह्यात, कापात्सिनी पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी लुंकावट्स नदीच्या खोऱ्यात ते वसले आहे. जिल्ह्याचे ठिकाण रम्निकू व्हल्चा पूर्वेस सुमारे ४० किमी. आहे. होरेझूला नगराचा दर्जा १९६८ मध्ये मिळाला.

हुरेझ हे नावाचे जुने रूप. ‘हुहुरेझ’ या घुबडाच्या रुमानियन नावावरून ते आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जवळचा मठ तुर्कांच्या धास्तीने रात्री बांधला गेला आणि गवंड्यांना घुबडांच्या घूत्काराचीच सोबत होती, अशी लोककथा आहे. मात्र गावाचा पहिला उल्लेख १४८७ च्या सनदेत असल्याचे सांगितले जाते आणि मठ त्यानंतर दोन शतकांनी उभा राहिला. तेव्हा घुबडांची ही कथा नावावरून मागाहून रचली गेली असावी, हेच अधिक पटते.

हा मठ नगराच्या उत्तरेस रोमानी दे जोस येथे आहे. वालेकियाचा (आजच्या दक्षिण रुमानियातील तत्कालीन राज्य) राजा कॉन्स्टंटिन ब्रन्कोव्यानू याने १६९० मध्ये त्याचे काम सुरू केले. कोरीव दगडी खांब, मोकळे सज्जे आणि बायझंटिन वळणाची भित्तिचित्रे यांचा मेळ घालणाऱ्या ‘ब्रन्कोव्यानू’ शैलीचा तो सर्वोत्तम नमुना मानतात. १९९३ मध्ये यूनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. राजाने येथे स्वतःसाठी कबर तयार करवून घेतली होती. पण १५ ऑगस्ट १७१४ रोजी कॉन्स्टँटिनोपलमध्ये चार मुलांसह त्याचा शिरच्छेद झाला. अवशेष पुढे बूखारेस्टला पुरले गेले आणि येथील कबर रिकामीच राहिली.

मृत्पात्रीचा उगम वादग्रस्त आहे. काहींच्या मते मठाच्या आश्रयाने हा व्यवसाय वाढला व नक्षीत बायझंटिन वळण आले. इतर अभ्यासक त्याची मुळे त्याहून फार जुन्या ग्रामीण परंपरेत शोधतात. व्यवसाय आधीपासूनचा आणि नक्षीचा डौल मठाच्या काळातला, असे मानणे सयुक्तिक ठरेल. कुंभारांची वस्ती ओलारी, म्हणजे शब्दशः कुंभारवाडा.

कामाची वाटणी ठरलेली आहे. माती निवडणे, खणणे, भिजवणे, तुडवणे, मळणे आणि चाकावर घडवणे ही पुरुषांची कामे, तर नक्षी स्त्रियांची. थाळीवर आधी पातळ रंगीत मातीचा अस्तर-लेप देतात. तो ओला असतानाच बैलाच्या पोकळ शिंगातून दुसऱ्या रंगाची पातळ माती सोडत वर्तुळे काढतात. मग टोकाला बारीक तार लावलेली काडी ओल्या रेघांवरून आडवी ओढतात. दोन्ही थर सारखेच ओले असल्याने रंग एकमेकांत कालवले जात नाहीत. काडीच्या ओढीने रेघ टोकदार होते आणि कोळ्याच्या जाळ्यासारखी किंवा पिसासारखी नक्षी उमटते. या कृतीला ‘जिराविरे’ म्हणतात. थर किंचित सुकला तर रेघ तुटते, म्हणून हात थांबवता येत नाही. गडद तपकिरी, लाल, हिरवा, निळा व ‘होरेझूचा हस्तिदंती’ हे रंग रूढ असून भाजणी लाकडाच्या भट्टीत होते. थाळीच्या मध्यभागी काढलेला कोंबडा ही येथील ओळख. शिवाय मासा, सर्पिल, तारा व जीवनवृक्षही आढळतात.

यूनेस्कोने २०१२ मध्ये ही कला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. तरीही बल्गेरियातील त्रोयान पद्धतीची, ओघळत्या रंगांची भांडी रुमानियात हमरस्त्यालगत होरेझूची म्हणून विकली जातात. त्यामुळे खऱ्या कारागिराच्या पोटावर पाय येतो, ही खेदाची बाब आहे. भांड्यावर कोंबडा आहे की नाही एवढ्यावर न जाता तारेने ओढलेली बारीक रेघ पाहावी.

नगराच्या दक्षिणेस मल्दरेश्ट येथे ‘कुला’ नावाची जुनी तटबंद घरे आहेत. लुटारूंपासून बचावासाठी त्यांच्या जाड भिंतींत बंदुकीच्या जंग्या (नेम धरण्यासाठीची भोके) ठेवलेल्या दिसतात.