बॅरेट्स चॅपल

बॅरेट्स चॅपल हे अमेरिकेतील डेलावेअर राज्याच्या केंट परगण्यात, फ्रेडरिका या गावाच्या उत्तरेस असलेले मेथडिस्ट पंथाचे प्रार्थनामंदिर आहे. १७८० मध्ये ते बांधले गेले. मेथडिस्टांनी स्वतःच्या उपासनेसाठी बांधलेल्या आणि अमेरिकेत आजही उभ्या असलेल्या चर्चवास्तूंमध्ये ते सर्वांत जुने मानले जाते. फिलाडेल्फियातील सेंट जॉर्जेस चर्च मेथडिस्टांकडे त्याआधी, १७६९ मध्ये आले असले तरी ती वास्तू दुसऱ्या पंथाने उभारलेली होती व मेथडिस्टांनी ती विकत घेतली होती. १४ नोव्हेंबर १७८४ रोजी टॉमस कोक आणि फ्रान्सिस अ‍ॅस्बरी या मेथडिस्ट नेत्यांची पहिली भेट बॅरेट्स चॅपलमध्ये झाली आणि त्या भेटीतूनच अमेरिकेत स्वतंत्र मेथडिस्ट चर्च स्थापन करण्याचा मार्ग मोकळा झाला. म्हणून या वास्तूला ‘मेथडिझमचा पाळणा’ असे म्हणतात.

अमेरिकन मेथडिझमच्या इतिहासात न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि बॉल्टिमोर या शहरांचा उल्लेख सतत येतो. तरीही हा निर्णायक प्रसंग त्यांपैकी एकाही शहरात न घडता रानाच्या मध्यावर असलेल्या एका चॅपलमध्ये घडला, याला योगायोगापेक्षा त्या मुलखाची परिस्थिती अधिक कारणीभूत होती. जॉन वेस्ली यांनी इंग्लंडमध्ये सुरू केलेली ही चळवळ आरंभी वेगळे चर्च नव्हती, तर चर्च ऑफ इंग्लंडच्या अंतर्गत चालणारे धर्मजागृतीचे कार्य होते. तिचे बहुतेक उपदेशक दीक्षित पाळक नसल्यामुळे त्यांना प्रवचन करता येई, प्रार्थना चालवता येई, पण बाप्तिस्मा देण्याचा व प्रभुभोजनाचा (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस देण्याचा) विधी करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. हे संस्कार मेथडिस्टांनी जवळच्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, चर्चमध्ये जाऊन घ्यावेत, अशी वेस्लींची अपेक्षा होती. स्वातंत्र्ययुद्ध पेटले आणि ही व्यवस्था कोसळली. राजनिष्ठ अँग्लिकन पाळकांपैकी अनेकजण परागंदा झाले, त्यांची चर्चे ओस पडली आणि हजारो मेथडिस्ट कुटुंबांना प्रभुभोजन मिळेनासे झाले.

मेथडिस्टांवर संशयाची छाया होतीच. वेस्ली यांनी १७७५ मध्ये वसाहतवाल्यांना विरोध करणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती आणि तिच्यामुळे त्यांचे अनुयायी इंग्लंडच्या राजाचे हस्तक ठरवले जात. वेस्लींनी पाठवलेले इंग्रज उपदेशक एकेक करून मायदेशी परतले. अ‍ॅस्बरी मात्र मागे राहिले. मेरिलँडमध्ये सक्तीची केलेली निष्ठेची शपथ सदसद्विवेकबुद्धीला पटत नसल्यामुळे त्यांनी ती घेण्यास नकार दिला आणि १७७८ मध्ये ते शेजारच्या डेलावेअरमध्ये आले, कारण तिथले कायदे धर्मोपदेशकांच्या बाबतीत तितके कठोर नव्हते. केंट परगण्यातील न्यायाधीश टॉमस व्हाइट यांच्या घरी त्यांना आसरा मिळाला. मेथडिस्ट असल्याच्या संशयावरून खुद्द व्हाइट यांनाही काही काळ अटकेत राहावे लागले होते. अशा रीतीने चळवळीचा एकमेव वरिष्ठ नेता डेलावेअर ज्याचा भाग आहे त्या शेतीप्रधान द्वीपकल्पात येऊन राहिला आणि युद्धकाळात जिथे मेथडिझम सर्वाधिक वेगाने पसरला त्या प्रदेशांत या द्वीपकल्पाची गणना होऊ लागली.

त्या प्रसाराचे मोठे श्रेय फ्रीबॉर्न गॅरेटसन या मेरिलँडच्या तरुण उपदेशकाला जाते. धर्मपरिवर्तनाच्या अनुभवानंतर १७७५ मध्ये त्यांनी स्वतःच्या मालकीच्या गुलामांना मुक्त केले होते. १७७८ मध्ये डोव्हर येथे उपदेशासाठी आल्यावर त्यांना जमावाच्या रोषाला तोंड द्यावे लागले, परंतु त्यांच्या प्रवचनांनी याच भागातील अनेक प्रतिष्ठित कुटुंबे मेथडिस्टांकडे वळली. फिलिप बॅरेट हे त्यांपैकी एक होते. ते केंट परगण्याचे शेरीफ होते आणि पुढे राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य झाले. १७८० मध्ये त्यांनी आपल्या जमिनीपैकी एक तुकडा प्रार्थनामंदिरासाठी दिला आणि बांधकामातही पुढाकार घेतला.

युद्ध चालू असताना, संशयाच्या छायेतील एका लहान पंथासाठी एवढी मोठी विटांची इमारत बांधणे अनेकांना व्यर्थ वाटले असणार. याबाबत एक आख्यायिका परंपरेने चालत आली आहे. बांधकाम पाहून एका गृहस्थाने ते कशासाठी आहे अशी चौकशी केली आणि मेथडिस्टांसाठी असे उत्तर मिळताच तो म्हणाला, की युद्ध संपेपर्यंत हे लोक इतके थोडे उरतील, की मक्याच्या कणसांच्या एका कणगीत सगळे मावतील. प्रत्यक्षात काय घडले हे त्याच वर्षी, नोव्हेंबर १७८० मध्ये, दिसून आले. चॅपलमध्ये भरलेल्या त्रैमासिक सभेला मोठा जनसमुदाय लोटला आणि इमारत खाली-वर भरून गेली, अशी नोंद अ‍ॅस्बरी यांनी आपल्या दैनंदिनीत केली आहे. ४२ फूट गुणिले ४८ फूट असे इमारतीचे मापही त्यांनी दिले आहे.

बाहेरून पाहता ही दुमजली, विटांची, साधी इमारत आहे. तिला मनोरा नाही, घंटाघर नाही, कोरीव दगडकाम नाही. खिडक्यांच्या दोन ओळी नसत्या, तर एखाद्या सधन शेतकऱ्याचे भक्कम घर आणि हे चॅपल यांत दुरून फारसा फरक जाणवला नसता. त्या काळातील मेथडिस्ट सभागृहांची हीच धाटणी होती. वेदीभोवती चालणाऱ्या विधींपेक्षा प्रवचन ऐकणे हा उपासनेचा गाभा असल्यामुळे जास्तीत जास्त लोकांना उपदेशक दिसावा आणि त्याचा आवाज ऐकू यावा, या हेतूने व्यासपीठाभोवती सज्जे बांधले जात. पैशांअभावी आतील काम बरीच वर्षे अपुरेच राहिले, तरीही उपासना थांबली नाही. एकोणिसाव्या शतकात आतील भागात सुधारणा झाल्या, त्यामुळे १७८४ चे अंतर्गत रूप आज जसेच्या तसे दिसत नाही. बाहेरच्या भिंती मात्र मूळच्या आहेत.

एवढ्या मोठ्या इमारतीचे प्रयोजन समजून घेण्यासाठी तत्कालीन फिरत्या उपदेशकांची व्यवस्था ध्यानात घ्यायला हवी. एक उपदेशक घोड्यावरून अनेक गावे, वस्त्या आणि शेतघरे यांचा ठरलेला फेरा करी आणि एकेका ठिकाणी काही आठवड्यांनी पुन्हा पोहोचे. एरवी स्थानिक मंडळी लहान गटांत घरोघरी जमत. दर तीन महिन्यांनी मात्र संपूर्ण फेऱ्यातील लोक दोन दिवसांच्या सभेसाठी एकत्र येत. प्रवचन, हिशेब, शिस्तीचे प्रश्न आणि प्रीतिभोजन हे सारे त्याच सभेत होई. बॅरेट्स चॅपलचा आकार नेमका अशा मेळाव्यांना साजेसा होता. भोवतालच्या वस्तीपेक्षा ते कितीतरी मोठे होते, कारण ते एका गावाचे नसून साऱ्या फेऱ्याचे होते.

दरम्यान संस्कारांचा प्रश्न चिघळत चालला होता. १७७९ मध्ये व्हर्जिनियातील फ्लुव्हाना येथे जमलेल्या दक्षिणेकडील उपदेशकांनी परस्परांना दीक्षा देऊन प्रभुभोजनाचे विधी सुरू केले. वेस्लींच्या संमतीशिवाय हे पाऊल उचलणे अ‍ॅस्बरी व उत्तरेकडील उपदेशकांना मान्य नव्हते आणि चळवळ दुभंगण्याची वेळ आली. दक्षिणेकडील उपदेशकांनी वेस्लींचे उत्तर येईपर्यंत थांबण्याचे १७८० मध्ये कबूल केले. ते उत्तर यायला चार वर्षे लागली. सप्टेंबर १७८४ मध्ये ब्रिस्टल येथे वेस्लींनी रिचर्ड व्हॉटकोट आणि टॉमस व्हेसी यांना स्वतः दीक्षा दिली आणि आधीच अँग्लिकन पाळक असलेल्या, ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या टॉमस कोक यांची अमेरिकेतील कार्याचे अधीक्षक म्हणून नेमणूक केली. बिशपने द्यावयाची दीक्षा वेस्लींनी स्वतः दिल्यामुळे त्यांचे बंधू चार्ल्स वेस्ली अत्यंत व्यथित झाले. ३ नोव्हेंबर रोजी ही तिघे मंडळी न्यूयॉर्कला उतरली.

रविवार, १४ नोव्हेंबरला सकाळी दहाच्या सुमारास कोक बॅरेट्स चॅपलला पोहोचले. त्याच्या थोडे दिवस आधीच फिलिप बॅरेट यांचे निधन झाले होते. कोक यांनी आपल्या दैनंदिनीत त्याचा उल्लेख केला असून, रानाच्या मध्यावरील या चॅपलमध्ये आपल्याला भव्य श्रोतृसमुदाय लाभल्याचेही नोंदवले आहे. प्रवचन संपल्यावर एक साधासा, धट्टाकट्टा माणूस व्यासपीठावर चढला आणि त्याने कोक यांचे चुंबन घेतले. हे अ‍ॅस्बरीच असणार, हा कोक यांचा तर्क खरा ठरला. त्यानंतर कोक यांनी पाच-सहाशे लोकांना प्रभुभोजन दिले. व्हॉटकोट हातात प्याला घेऊन साहाय्य करत आहेत, हे पाहून अ‍ॅस्बरी चकित झाले, कारण व्हॉटकोट यांना दीक्षा मिळाल्याची त्यांना अजून कल्पना नव्हती. अमेरिकेत मेथडिस्ट दीक्षित पाळकांकडून प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा हे दोन्ही संस्कार प्रथम येथेच दिले गेले, असे मानले जाते. त्या दिवशी रांगेत आलेल्यांपैकी कित्येकांनी कैक वर्षांनी प्रभुभोजन घेतले असणार. या घटनेच्या वर्णनांत दोन नेत्यांच्या भेटीलाच अधिक जागा मिळते, पण प्रस्तुत लेखकाच्या मते त्या समुदायाची ही दीर्घ प्रतीक्षा तिच्याइतकीच महत्त्वाची आहे.

दुपारचे भोजन चॅपलपासून मैलभर अंतरावर, बॅरेट यांच्या विधवा पत्नीच्या घरी झाले. पतीच्या निधनाला अवघे काही दिवस लोटले असताना या बाईंनी कोक, अ‍ॅस्बरी आणि अकरा उपदेशकांचा पाहुणचार केला. तिथेच वेस्लींची योजना अ‍ॅस्बरी यांच्यापुढे मांडण्यात आली. ती ऐकून आपल्याला धक्का बसल्याचे त्यांनी लिहिले आहे. केवळ वेस्लींच्या नेमणुकीवर आपण अधीक्षकपद स्वीकारणार नाही, उपदेशकांनी एकमताने निवडले तरच स्वीकारू, असे त्यांनी सांगितले. अमेरिकेतील चर्चचा कारभार लंडनच्या आज्ञेने न चालता येथील उपदेशकांच्या संमतीने चालेल, हे तत्त्व या उत्तरात होते. उपस्थितांनी नाताळात बॉल्टिमोरला सर्व उपदेशकांची परिषद बोलावण्याचे ठरवले आणि निरोप पोहोचवण्यासाठी गॅरेटसन यांना दक्षिणेकडे पाठवले. मधल्या काळात कोक यांनी सुमारे हजार मैलांचा दौरा करावा असे ठरले. त्यांच्या सोबतीला अ‍ॅस्बरींनी हॅरी होझिअर या कृष्णवर्णीय उपदेशकाला दिले. होझिअर यांना वाचता येत नव्हते, पण जगातील उत्तम उपदेशकांपैकी ते एक आहेत, असा अभिप्राय कोक यांनी त्या प्रवासात नोंदवला.

२४ डिसेंबर १७८४ रोजी बॉल्टिमोरच्या लव्हली लेन चॅपलमध्ये परिषद सुरू झाली. तिच्यात मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची स्थापना झाली, अ‍ॅस्बरी यांची एकमताने निवड झाली आणि लागोपाठच्या तीन दिवसांत त्यांना डीकन, एल्डर व अधीक्षक या चढत्या धर्मपदांच्या तिन्ही दीक्षा देण्यात आल्या. अमेरिकेत त्या वेळी मेथडिस्टांची सदस्यसंख्या सुमारे १५,००० होती.

केंट परगण्याच्या याच मेथडिस्ट वातावरणात डोव्हरजवळच्या एका शेतावर गुलाम असलेल्या रिचर्ड अ‍ॅलन यांनीही मेथडिस्ट पंथ स्वीकारला. गॅरेटसन यांच्या प्रवचनाने त्यांच्या मालकाचे मन पालटले आणि अ‍ॅलन यांना पैसे देऊन स्वातंत्र्य मिळवण्याची मुभा मिळाली. फिलाडेल्फियात वर्णभेदाचा अनुभव आल्यावर त्यांनी वेगळी मंडळी उभी केली आणि १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची स्थापना केली. बॅरेट्स चॅपलचा इतिहास सांगताना अ‍ॅलन व होझिअर यांना वगळणे योग्य होणार नाही. या ग्रामीण चळवळीने गुलामगिरीविरुद्ध आवाज उठवला, परंतु पुढच्या पिढ्यांत तिने त्या आग्रहाला मुरड घातली, हेही नमूद करायला हवे.

मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे कार्य भारतात १८५६ मध्ये विल्यम बटलर यांच्यामार्फत सुरू झाले व बरेली हे त्याचे आरंभीचे केंद्र झाले. मुंबईत १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर यांनी सभा घेण्यास सुरुवात केली आणि स्वतःचा खर्च स्वतः भागवणारी मंडळी उभी केली. मुंबईत १८४८ पासून राहणारे अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. कुलाब्याचे बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्च त्यांच्या नावाने ओळखले जाते. महाराष्ट्रातील मेथडिस्ट मंडळ्या आज १९८१ मध्ये स्वायत्त झालेल्या भारतातील मेथडिस्ट चर्चचा भाग आहेत.

फ्रेडरिका गावात स्वतंत्र चर्च झाल्यावर चॅपलमधील नियमित साप्ताहिक उपासना मागे पडली. मात्र वास्तूचा त्याग झाला नाही. भोवतालच्या दफनभूमीत दफनविधी होत राहिले आणि वर्धापनाच्या उपासनाही चालू राहिल्या. कोक आणि अ‍ॅस्बरी जिथे भेटले असे मानले जाते, त्या जागी व्यासपीठासमोरच्या जमिनीवर तारा बसवलेला आहे. उपदेशकांचा जुना बाकही जपून ठेवलेला आहे. १९७२ मध्ये चॅपलचा समावेश अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत झाला. युनायटेड मेथडिस्ट चर्चनेही त्याला वारसास्थळाचा दर्जा दिला आहे. या चर्चच्या प्रादेशिक परिषदेचा अभिलेख व इतिहास आयोग त्याची देखभाल करतो. चॅपलशेजारील संग्रहालयात द्वीपकल्पातील मेथडिस्ट मंडळ्यांचे जुने अभिलेख आणि वस्तू ठेवल्या आहेत.