गाडी इथे संपणार की पुढे जाणार? प्रादेशिक वाहतूक केंद्राच्या आराखड्यामागचा जुना वाद

नव्या प्रादेशिक वाहतूक केंद्राची चर्चा बहुधा जागा, इमारत आणि वाहनतळ यांच्याभोवती फिरते. फलाट किती हवेत, हा आकडा आधीच कुणीतरी लिहून टाकलेला असतो. तो आकडा मुळात एका निर्णयातून यायला हवा: मार्ग केंद्रात संपवायचे की आरपार न्यायचे. वाद रेल्वेइतकाच जुना आहे. लंडनमध्ये १८४६ साली रेल्वेला शहराच्या मध्यभागापासून दूर ठेवण्याची शिफारस झाली आणि टर्मिनसांचे कडे तयार झाले. ती टर्मिनस जोडणाऱ्या भुयारी रेल्वेचे वर्तुळ पूर्ण व्हायला १८८४ उजाडले. पॅरिसने १९७७ मध्ये उलटी वाट धरली. पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या उपनगरी मार्गांची टोके शहराखालून शॅतले-ले-आल येथे जोडली आणि गाड्या आरपार धावू लागल्या.

आजच्या नियोजनाचा खरा पाया मात्र स्वित्झर्लंडमधला. तिथे १९८२ मध्ये देशभर ठरावीक अंतराने सुटणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक आले आणि १९८७ मध्ये पुढच्या विस्ताराला सार्वमताने मंजुरी मिळाली. तत्त्व असे की सगळ्या गाड्या केंद्रात एकाच वेळी येतात, प्रवासी गाडी बदलतात आणि सगळ्या एकदम सुटतात. त्यासाठी दोन केंद्रांमधला प्रवास तासाहून किंवा अर्ध्या तासाहून थोडा कमी बसावा लागतो. झुरिक ते बर्न ६९ मिनिटे लागत. २००४ मध्ये सुमारे ४५ किलोमीटरचा नवा लोहमार्ग सुरू झाला आणि वेळ ५६ मिनिटांवर आली. त्याहून वेगाची गरजच नव्हती. वेळापत्रक आधी ठरले आणि बांधकाम त्याच्या मापाने झाले, म्हणून ते टिकले.

बसच्या बाबतीत हाच हिशेब करून पाहावा. तासाला ४० फेऱ्या आहेत. प्रत्येक बस आरपार जाते, फलाटावर ५ मिनिटे उभी राहते आणि पुढची लागेपर्यंत आणखी १ मिनिट जाते. ४० गुणिले ६ म्हणजे २४० मिनिटे, अर्थात ४ फलाट. गाड्या पुढेमागे होतात हे धरून ६ ठेवावेत. त्याच फेऱ्या इथे संपत असतील आणि चालक फलाटावरच १५ मिनिटे विसावा घेत असेल, तर ६४० मिनिटे होतात. ११ फलाट कागदावर आणि १४-१५ प्रत्यक्षात. आणि सगळ्या गाड्या दर अर्ध्या तासाला एकत्र आणायच्या असतील तर २० फलाट लागतात, जे बराच वेळ रिकामे असतात. एकाच वाहतुकीसाठी ६, १५ किंवा २०. या तिन्हींत जागेचा फरक प्रचंड आहे. १२ मीटरच्या बसला फलाटाच्या सरळ कडेलगत स्वतंत्रपणे आत येऊन बाहेर पडायचे असेल तर तिच्या लांबीच्या दुपटीहून जास्त लांबीची कड लागते. तिरपे, करवतीच्या दात्यांसारखे फलाट कमी लांबीत बसतात, पण आतल्या बाजूला जास्त जागा खातात. बस मागे घेऊन काढायची रचना सर्वांत आटोपशीर, आणि अपघातांच्या दृष्टीने सर्वांत वाईट.

आरपार मार्गांना विरोध होतो तो उशिरामुळे. पश्चिमेकडची कोंडी तीच बस पूर्वेकडे घेऊन जाते. आक्षेप खरा आहे, पण उपाय आहेत. जोडायच्या दोन मार्गांची वारंवारिता आणि गर्दी सारखी असावी. एकीकडे १८ मीटरची जोडबस आणि दुसरीकडे अर्धी रिकामी १२ मीटरची, अशी जोडी करू नये. केंद्रात ३-४ मिनिटांची राखीव वेळ ठेवावी, चालकबदल तिथेच करावा आणि लांब विसावा केंद्राबाहेरच्या टोकाला द्यावा. केंद्रातली मोक्याची जागा उभ्या बससाठी नसते. रेल्वे उशिरा आली तर बस थांबवायची का, यावरही नियम आधी हवा: दिवसातली शेवटची फेरी थांबते, बाकीच्या नाहीत. नाहीतर एका केंद्राचा उशीर पुढच्या सगळ्या केंद्रांत पसरतो.

इमारत आधी आणि गाड्या नंतर, याचे ठळक उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये उघडलेले तिथले केंद्र पोलादी तुळयांना तडे दिसल्याने सप्टेंबरमध्ये बंद झाले आणि २०१९ च्या जुलैमध्ये पुन्हा खुले झाले. तडे दुरुस्त झाले. तळघरात रेल्वेसाठी बांधलेली जागा मात्र रुळांविना राहिली, कारण उपनगरी गाड्या साधारण २ किलोमीटर अलीकडेच संपतात.

इलेक्ट्रिक बसने जुना वाद पुन्हा उकरला आहे. ३०० किलोवॉटच्या चार्जरवर १० मिनिटांत जास्तीत जास्त ५० युनिट मिळतात, म्हणजे १२ मीटरच्या बसला ढोबळमानाने ४० किलोमीटर. त्यामुळे ‘बस इथेच संपवा, विसाव्यात चार्ज करा’ ही मागणी जोर धरते, आणि ६ फलाटांचे केंद्र पुन्हा १५ कडे सरकते. चार्जर मार्गाच्या बाहेरच्या टोकाला, विसाव्याच्या जागीच बसवले तर हे टळते. तिथली वीजजोडणी उच्च दाबाची लागते आणि मिळायला वेळ लागतो, म्हणून हा निर्णय फलाटांचा नकाशा गोठवण्याआधी व्हायला हवा.