शीश की एक्स?

गोव्यात बसच्या खिडकीतून गावाची पाटी वाचत पहिलीतलं पोर म्हणतं, "क्वेपेम!" शेजारची आजी हसते. "अरे पुता, केपें तें!"

पोराचं काही चुकलेलं नाही. शाळेत शिकला ती एबीसीडी इंग्रजी, पाटीवरचं स्पेलिंग मात्र पोर्तुगीज वळणाचं. त्यात क्यू आणि यू मिळून नुसता क होतो. शेवटच्या एमला ओठ मिटायचे नाहीत, तो आधीच्या स्वरावरचा अनुस्वार. सांगें, पेडणें यांच्या पाट्यांवरही शेपटाला हाच एम.

रोमन अक्षरं गोव्यात आली ती पोर्तुगिजांबरोबर. १५५६ मध्ये जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात छापखाना पोचला. देवनागरीचे खिळे काही जमले नाहीत, त्यामुळे फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं ते रोमन लिपीत. भाषा मराठी, छंद ओवीचा, अक्षरं लॅटिनची! अडचण उघड होती: त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ वेगळे दाखवायचे कसे? आजच्या रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीत त्यावरचा तोडगा साधा आहे. एक टी म्हणजे त, दोन टी म्हणजे ट. दोन एन म्हणजे ण, दोन एल म्हणजे ळ. आणि श साठी एक्स. मला तरी हे इंग्रजी स्पेलिंगपेक्षा कितीतरी सरळ वाटतं.

पोर्तुगीज शाळेत मुलं घोकत ती "आ, बे, से, दे". एचला म्हणत 'आगा', आणि शब्दात तो बहुधा मुकाच. एक्स म्हणजे 'शीश'. १९११ च्या शुद्धलेखन सुधारणेत के, डब्ल्यू आणि वाय वर्णमालेतून गेले, उरली २३ अक्षरं. केवाचून अडणार तरी काय होतं? 'का'ला सी होता, 'के'ला क्यू-यू.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर शाळांतून पोर्तुगीज ओसरली, इंग्रजी पसरली. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा केलं, मराठीलाही सरकारी वापरात जागा दिली. रोमी लिपी कायद्याबाहेर राहिली, पण चर्चच्या प्रार्थनेत आणि तियात्र या कोकणी नाट्यप्रकारात ती आजही नांदते. अक्षरं तीच राहिली, उच्चार बदलले.

केपें तालुक्यातच शेळडें आहे. पाटीवर पहिलंच अक्षर एक्स. पोर अडखळतं, "क्से... एक्से..." इंग्रजीचा गंध नसलेली, पोर्तुगीज प्राथमिक शाळेत 'प्रिमैर'पर्यंत शिकलेली आजी मात्र ती पाटी बिनचूक वाचते.