संघसूचीतली नोंद ८ आणि कायदा: आयबी, रॉ घटनात्मक आहेत का?

आयबी (देशांतर्गत गुप्तचर संस्था) आणि रॉ (परदेशातली माहिती काढणारी संस्था) यांना घटनेचा आधार आहे का, हा वाद निघाला की एक बाजू घटनेच्या सातव्या अनुसूचीवर बोट ठेवते: संघसूची (केंद्राच्या विषयांची यादी), नोंद ८, केंद्रीय गुप्तवार्ता आणि अन्वेषण विभाग. दुसरी बाजू म्हणते, या संस्था स्थापन करणारा कायदा दाखवा. दोघांचंही खरं आहे, पण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

नोंद म्हणजे विषयवाटप. या विषयावर कायदा संसदेने करायचा की विधानसभेने, एवढंच ती सांगते. तिच्यातून खातं जन्माला येत नाही की कुणाचा फोन ऐकण्याचा अधिकार मिळत नाही. रेल्वेही संघसूचीत आहेच, तरी रेल्वे कायदा करावा लागला. दहशतवादाचा तपास करणाऱ्या एनआयएला २००८चा स्वतःचा कायदा आहे. १८८७पासून मूळ धरलेल्या आयबीला आणि १९६८मध्ये उभ्या राहिलेल्या रॉला तसा नाही. काही जण १९८५चा कायदा पुढे करतात. त्याच्या अनुसूचीत दोघींची नावं आहेत खरी, पण तो कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि वृत्तपत्रांशी बोलणं यांवर बंधनं घालतो. संस्था तो स्थापन करत नाही.

मग कायदा नाही म्हणून त्या घटनाबाह्य? तसंही नाही. घटनेच्या कलम ७३नुसार संसद ज्या विषयांवर कायदा करू शकते, तिथवर केंद्राचा कार्यकारी अधिकार पोचतो. राम जवाया कपूर खटल्यात (१९५५) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रत्येक सरकारी कामाआधी कायदा हवाच असं नाही. मात्र नागरिकाच्या हक्काला हात लागला की कायदा लागतोच.

ही रेषा खरक सिंग खटल्यात स्पष्ट दिसते. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या या माणसाच्या दारावर उत्तर प्रदेशचे पोलीस रात्री-अपरात्री थापा मारत, त्याला उठवत. आधार काय, तर पोलीस नियमावली. १९६२मध्ये न्यायालयाने रात्रीच्या भेटींचा नियम रद्द केला, कारण ती नियमावली खात्याच्या सूचना होती, कायदा नव्हे.

म्हणून आयबीने माहिती गोळा करून अहवाल देणं कार्यकारी आदेशावर टिकतं. तिला अटकेचा अधिकार नाही, हेही तिच्या पथ्यावर पडतं. सीबीआय ही केंद्राची तपास संस्था अटक करते, म्हणून तिथे प्रश्न लगेच पेटला: ६ नोव्हेंबर २०१३ला गुवाहाटी उच्च न्यायालयाने तिच्या स्थापनेचा १९६३चा ठरावच रद्द केला. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

फोन ऐकायचा तर आधार वेगळा लागतो: पूर्वी तार कायद्याचं कलम ५(२), आता दूरसंचार कायदा २०२३. केंद्रात सहसा गृहसचिवांचा लेखी आदेश, मुदत ६० दिवस, वाढवून जास्तीत जास्त १८०. खरं भगदाड इथे आहे, आणि नोंद ८वर भांडताना ते नजरेआड होतं. मागणारे अधिकारी, परवानगी देणारे अधिकारी, आणि आदेश तपासणारी समितीही कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालची. तिच्यात ना न्यायाधीश, ना खासदार. ज्याचा फोन ऐकला, त्याला नंतरही कळवलं जात नाही. मग त्याने न्यायालयात जायचं तरी कशाच्या जोरावर?