पार्श्वभूमी : शांतता अभ्यास आणि गोव्यातले दोन निवाडे

शांततेचा अभ्यास हा विद्यापीठांत स्वतंत्र विषय झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५७ मध्ये मिशिगनहून त्याला वाहिलेलं नियतकालिक निघालं, १९५९ मध्ये ऑस्लोत संशोधन संस्था उभी राहिली, १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्डला विभाग सुरू झाला. अणुबॉम्बची धास्ती ताजी होती, त्यामुळे सुरुवातीचा सगळा रोख राष्ट्राराष्ट्रांतल्या युद्धांवर. पुढे नॉर्वेच्या एका समाजशास्त्रज्ञाने भेद केला : मारामारी थांबली ती नकारात्मक शांतता, मारामारीचं कारणच उरलं नाही तर सकारात्मक. गोव्यापुरता हा भेद तपासायचा तर १६ जानेवारी १९६७ (महाराष्ट्रात विलीन व्हायचं का यावरचा जनमत कौल) आणि ४ फेब्रुवारी १९८७ (राजभाषेचा कायदा) या दोन तारखांशी थांबावंच लागतं.

त्याआधी गोव्यात तंटे मिटत नव्हते असं नाही. गावकरीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, बैठका होत्या, आणि देवाला कौल लावण्याची चाल तर आजही आहे. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी आधी पडते की डावी ते पाहायचं. हरणारा घरी जाताना कुणा माणसाला दोष देऊ शकत नाही, ही त्यातली खुबी. अर्थात पालखीला आधी खांदा कुणाचा, यावरून प्रकरण मामलेदारापर्यंत जाणं हेही आपल्याकडे नवं नाही.

पोर्तुगीजांपासून मुक्ती मिळाल्यानंतरचा मोठा वाद विलीनीकरणाचा. विधानसभेत विलीनीकरणवाद्यांचं बहुमत होतं, तेव्हा तिथल्या ठरावाच्या आधारेच विषय संपवता आला असता. तसं न करता संसदेने कायदा केला आणि लोकांना थेट विचारलं. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून त्याआधी विलीनीकरणवादी सरकार पायउतार झालं. मतपत्रिकेवर फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित संघप्रदेश. तिसरा पर्याय, म्हणजे पूर्ण राज्य, मतपत्रिकेवर नव्हताच. बाहेरगावच्या गोवेकरांना मत द्यावं ही मागणीही मान्य झाली नाही. फुलाला १,३८,१७० मतं पडली, पानांना १,७२,१९१. हरलेला पक्ष दोनच महिन्यांनी निवडणूक जिंकून पुन्हा सत्तेवर आला, पण कौल उलटवण्याच्या भानगडीत पडला नाही. हे श्रेय त्याला क्वचितच मिळतं. जिंकलेल्यांच्याच आठवणी दरवर्षी निघतात.

राजभाषा कोकणी की मराठी, या वादाला असा कौल मिळाला नाही. १९७५ मध्ये साहित्याच्या राष्ट्रीय अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, तेव्हापासून धुसफूस वाढत गेली. १९८५ नंतर ती रस्त्यावर आली, आणि १९८६ च्या डिसेंबरमध्ये झाडं आडवी पाडून रस्ते अडवले गेले. या आंदोलनात सात जणांचे जीव गेले. त्यानंतर घाईने जो कायदा झाला, त्याने कोकणीला राजभाषा केलं, तीही देवनागरीतली. पुढच्याच पोटकलमात मराठीचाही वापर 'सर्व किंवा कोणत्याही' सरकारी कामासाठी होईल असं म्हटलं.

सगळी गोम या तीन शब्दांत आहे. 'सर्व' धरलं तर मराठी कोकणीच्या बरोबरीला बसते. 'कोणत्याही' धरलं तर एखाद्या खात्याने एक फलक मराठीत लावला तरी कायदा पाळला गेला. मराठीवाल्यांनी आपल्या लोकांना पहिला अर्थ सांगितला, कोकणीवाल्यांनी दुसरा, आणि त्यामुळेच दोघांनाही घरी परतता आलं. रक्तपात थांबवायला ही संदिग्धता कामी आली, हे मान्य करायला हवं. पण मराठीत अर्ज करणाऱ्याला त्याच भाषेत उत्तर मिळण्याचा हक्क आहे की ती सरकारची मर्जी, हे आजही वाचणाऱ्यावर आहे. मराठी गोव्याची राजभाषा नाही असं एका दमात सांगणारे हे पोटकलम सहसा वाचून दाखवत नाहीत. कोकणी रोमी (रोमन) लिपीत लिहिणाऱ्यांना तर तेवढाही आडोसा मिळाला नाही. त्यांची तक्रार वेगळी आणि तितकीच जुनी आहे. ३० मे १९८७ ला गोव्याला पूर्ण राज्य मिळालं, १९९२ मध्ये कोकणी राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीत गेली. मराठीला राजभाषेचा दर्जा द्या ही मागणी मात्र अधूनमधून डोकं वर काढतेच.

प्राथमिक शाळांच्या माध्यमाचा वाद हे याच झाडाचं फळ. १९९० मध्ये अनुदान प्रादेशिक भाषांतल्या शाळांपुरतं ठेवलं गेलं, २०११ मध्ये ते इंग्रजीलाही दिलं गेलं. तेव्हा कालचे प्रतिस्पर्धी कोकणीवाले आणि मराठीवाले एकाच मांडवात बसलेले दिसले.

अलीकडे संसदेने २०२३ मध्ये मध्यस्थीचा कायदा केला. एखाद्या भागातली शांतता बिघडवू शकेल अशा तंट्यासाठी त्यात तीन मध्यस्थांचं मंडळ आहे, मात्र दोन्ही बाजूंची संमती आधी हवी. आणि तिथे झालेला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावून घेता येत नाही. पालखीच्या वादात तो टिकायचा तर गावातल्या दोन्ही वाड्यांनी (वस्त्यांनी) पुढच्या जत्रेलाही तो पाळला पाहिजे. न पाळला तर मामलेदाराचं दार आहेच.