दिवसाचा अंधार

पन्हाळा ते पावनखिंड चालून आलेली मंडळी दर जुलैत एक गोष्ट हमखास सांगतात. मसाई पठारावर मोबाईलची रेंज गेली, आणि त्या रात्री वाडीतल्या कुणाच्या तरी पडवीत अशी गाढ झोप लागली, जी घरच्या गादीवर वर्षभर लागत नाही. मोबाईल बंद होता म्हणून झोप लागली, हा निष्कर्षही त्याला जोडूनच येतो. डोंगरातल्या रिसॉर्टांना हा निष्कर्ष फारच सोयीचा आहे. मोबाईल काउंटरवर जमा करा, दोन दिवसांत मेंदू ताजातवाना, अशा ‘डिजिटल डिटॉक्स’च्या जाहिराती आता सर्रास दिसतात.

मोबाईलचा जाच खरा आहे. भाजीवाल्या मावशींना पैसे द्यायचे तर क्यूआर कोड, सिलिंडर घ्यायचा तर ओटीपी, मुलांच्या शाळेची सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर. रेंज गेली की कामं खोळंबतात आणि रेंज असली की जिवाला उसंत नाही. यापासून लांब पळावंसं वाटणं मला पूर्ण पटतं. दिवसभराच्या पायपिटीनंतर झोप लागते हेही उघड आहे. पण मोबाईलला सगळा दोष देताना आपण एका मोठ्या कारणाकडे पाहतच नाही. पदभ्रमंतीत मोबाईल सुटतो त्याच वेळी छप्परही सुटतं. घरात कधीच मिळत नाही इतका उजेड त्या दोन दिवसांत डोळ्यांत शिरतो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या केनेथ राइट यांनी 2013 मध्ये यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आठ जणांची एक आठवडा त्यांच्या नेहमीच्या दिनक्रमात नोंद ठेवली आणि मग त्यांना आठवडाभर रॉकी पर्वतात तंबूत राहायला नेलं. तिथे उजेड फक्त सूर्याचा आणि शेकोटीचा. मोबाईल नाही, बॅटरीसुद्धा नाही. आठवड्यानंतर त्यांच्या शरीरात मेलॅटोनिन हे रात्रीचं संप्रेरक पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास लवकर, सूर्यास्ताच्या आसपास वाढू लागलं. त्यातले जे उशिरा झोपणारे होते, त्यांच्यात बदल जास्त झाला. झोपेचे एकूण तास मात्र फारसे बदलले नाहीत. बदलली ती झोपेची वेळ, म्हणून सकाळी उठणं सोपं झालं. मोबाईल नव्हता हे खरंच, पण डोंगरात त्यांना मिळालेला उजेड घरच्यापेक्षा चौपटीहून जास्त होता.

आता या उजेडाचे आकडे पाहू. उजेड लक्स या एककात मोजतात. भर दुपारी उन्हात सुमारे 1,00,000 लक्स उजेड असतो. आषाढातल्या दाट ढगांखालीही तो काही हजार लक्स असतो. ट्यूबलाइट लावलेल्या ऑफिसात 300 ते 500, घरातल्या दिवाणखान्यात संध्याकाळी बहुधा 100 ते 200. म्हणजे मसाई पठारावरचा कुंद, पावसाळी दिवससुद्धा आपल्या झगझगीत वाटणाऱ्या ऑफिसाच्या दसपट उजळ असतो. आपल्याला हे जाणवत नाही, कारण डोळा सतत जुळवून घेतो. बाहुली लहानमोठी होते, दृष्टिपटल आपली संवेदनशीलता बदलतं, आणि शंभरपट फरक आपल्याला दुप्पट-तिप्पट वाटतो. विश्वास बसत नसेल तर त्याच मोबाईलमध्ये उजेड मोजणारा सेन्सर असतो. लक्स मोजणारं एखादं अ‍ॅप घेऊन कोल्हापूरच्या गुजरीतल्या दुकानात आणि मग रंकाळ्याच्या काठावर मोजून पाहा. आकडा ढोबळ येईल, पण फरक कळेल.

चित्र पाहताना डोळ्याला हा फरक जाणवत नसला, तरी त्याच डोळ्यातला एक भाग तो अगदी चोख मोजतो. मला या विषयाचं वेड लागलं ते याच भागामुळे.

शाळेत आपण शिकलो की दृष्टिपटलात दोन प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी आणि रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी. शतकभराहून अधिक काळ यादी इथेच संपत होती. 1920 च्या दशकात क्लाइड कीलर या अमेरिकी संशोधकाला जन्मतःच दंडपेशी नसलेले उंदीर सापडले. त्यांच्या डोळ्यांवर प्रकाश टाकला की बाहुली तरीही आकसायची. हे कसं, याचा फारसा पाठपुरावा कुणी केला नाही. 1995 मध्ये चार्ल्स झाइसलर यांच्या गटाने दाखवलं की पूर्ण अंध असलेल्या काही माणसांच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकला तर त्यांचं मेलॅटोनिन घटतं. त्यांना काहीच दिसत नव्हतं, तरी त्यांच्या डोळ्यांना उजेड कळत होता! 1998 मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना बेडकाच्या त्वचेत मेलॅनॉप्सिन नावाचं प्रकाशसंवेदी प्रथिन सापडलं. 2002 मध्ये डेव्हिड बर्सन आणि समर हत्तार यांच्या गटांनी सिद्ध केलं की सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलात तिसऱ्याही प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी आहेत आणि त्यांच्यात हेच मेलॅनॉप्सिन असतं.

या पेशी मूळच्या गँग्लियन पेशी. म्हणजे डोळ्यातले संदेश मेंदूकडे पोहोचवणाऱ्या. अशा पेशी प्रत्येक डोळ्यात दहा लाखांच्या आसपास असतात आणि त्यातल्या जेमतेम काही हजारांत मेलॅनॉप्सिन असतं. त्यांचा स्वभाव दंडपेशी-शंकूपेशींच्या अगदी उलटा आहे. शंकूपेशी क्षणाक्षणाचा बदल टिपतात आणि उजेड स्थिर झाला की शांत होतात. मेलॅनॉप्सिनच्या पेशी हळू जाग्या होतात, पण उजेड आहे तोवर संदेश पाठवत राहतात. गगनबावड्याच्या पर्जन्यमापकात सर कधी आली याची नोंद नसते, दिवसभराचं पाणी साठत जातं. या पेशीही तशाच उजेडाची बेरीज करतात. त्यांना सगळ्यात जास्त जाग येते ती सुमारे 480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे आकाशी निळ्या प्रकाशाने.

ही बेरीज जाते मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात. दोन्ही डोळ्यांच्या चेता जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या बरोबर वर सुमारे 20,000 चेतापेशींचे दोन बारीक पुंजके असतात. हे शरीराचं मुख्य घड्याळ. यातली प्रत्येक पेशी स्वतःच्या जनुकांच्या चक्रावर चालते. काही जनुकं प्रथिनं बनवतात, तीच प्रथिनं साठली की त्या जनुकांना बंद करतात, प्रथिनं विरघळली की जनुकं पुन्हा सुरू होतात. एक फेरी साधारण एका दिवसाची. या यंत्रणेचा उलगडा केल्याबद्दल हॉल, रॉसबाश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं.

पण ही फेरी बरोबर 24 तासांची नसते. माणसात ती सरासरी 24 तास 10-11 मिनिटांची असते. उजेडाने कुणी रोज दुरुस्ती केली नाही तर घड्याळ रोज तेवढं मागे पडत जातं. सकाळचा उजेड त्याचे काटे पुढे सरकवतो, संध्याकाळचा आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरातला उजेड मागे खेचतो. दुरुस्तीची ही दुहेरी सोय म्हणजे निसर्गातली एक विलक्षण रचना आहे.

घड्याळाकडून मेलॅटोनिन बनवणाऱ्या पिनिअल ग्रंथीकडे निरोप जाण्याचा रस्ता तर ऐकण्यासारखा आहे. पिनिअल मेंदूतच, घड्याळापासून काही सेंटिमीटरवर असते. पण निरोप सरळ जात नाही. तो मेंदूतून खाली मज्जारज्जूत उतरतो, छातीच्या पातळीपर्यंत जातो, तिथून बाहेर पडून मानेतल्या एका चेतापुंजात येतो आणि रक्तवाहिन्यांच्या सोबतीने पुन्हा वर मेंदूत शिरतो. म्हणूनच मानेपाशी मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या रुग्णांमध्ये रात्री मेलॅटोनिन वाढत नाही, जरी त्यांचे डोळे आणि मेंदू ठीक असले तरी. अंधार पडल्यावर या रस्त्याच्या शेवटी नॉरअ‍ॅड्रिनलिन हे रसायन स्रवतं, ते एका विकराला जागं करतं आणि सेरोटोनिनपासून मेलॅटोनिन तयार होऊ लागतं.

हीच पिनिअल ग्रंथी ‘तिसरा डोळा’ म्हणून विकली जाते. ती ‘उघडण्यासाठी’ उगवत्या सूर्याकडे टक लावून पाहायला सांगणारे व्हिडिओ लाखो लोक बघतात. काही बेडूक आणि सरड्यांच्या डोक्यावर पिनिअलशी निगडित प्रकाशसंवेदी अवयव असतो, हे खरं. माणसाच्या पिनिअलला स्वतःला उजेड कळत नाही. तिला जे कळतं ते डोळ्यांमार्गेच. आणि सूर्याकडे टक लावल्याने दृष्टिपटल भाजतं, ते पुन्हा पूर्ण भरून येईलच असं नाही. कृपया हे कुणी करू नका. मोकळ्या आकाशाखाली नुसतं उभं राहिलं तरी पुरतं.

मग मोबाईलचा निळा प्रकाश? स्क्रीनचा परिणाम खोटा नाही. बोस्टनमधल्या 2015 च्या प्रयोगात मंद उजेडाच्या खोलीत चार तास टॅब्लेटवर वाचणाऱ्यांचं मेलॅटोनिन दीड तास उशिरा वाढलं. त्यांना झोप लागायला मात्र सरासरी दहाच मिनिटं जास्त लागली. 2016 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात असाच प्रयोग झाला, फक्त त्यातल्या चौदा जणांना आधी दिवसा साडेसहा तास सुमारे 570 लक्सच्या उजेडात बसवलं होतं. रात्री दोन तास टॅब्लेटवर वाचूनही त्यांच्या मेलॅटोनिनवर काही परिणाम दिसला नाही. डोळ्याने दिवसभर भरपूर बेरीज केलेली असली की रात्रीच्या स्क्रीनचा आकडा तिच्यापुढे किरकोळ ठरतो. दिवसच अंधारा गेला असेल तर तोच स्क्रीन मोठा वाटतो. निळा प्रकाश अडवणारे चष्मे विकणाऱ्यांना हे सांगायचं नसतं. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा 17 चाचण्यांवरचा 2023 चा आढावा सांगतो की अशा चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो याचा पुरावा मिळालेला नाही.

संध्याकाळचंही तेच. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवात मूर्तीवर येणारे किरण तांबूस असतात, कारण मावळतीचा प्रकाश वातावरणाच्या जाड थरातून येताना त्यातला निळा भाग विखुरला जातो. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या किरणोत्सवाच्या दोन्ही वेळा 21 डिसेंबरपासून सारख्याच, सुमारे 41 दिवसांच्या अंतरावर आहेत, म्हणून सूर्य तेव्हा क्षितिजावर एकाच जागी मावळतो. ज्या स्थपतींनी हे शतकांपूर्वी दगडात बसवलं त्यांच्या निरीक्षणापुढे मी नतमस्तक आहे. पण महाद्वारातून मागे वळून डोक्यावरचं आकाश पाहिलं तर ते सूर्यास्तानंतर उलट गडद निळं होतं. तरीही शरीराला रात्र झालेली कळते, कारण अर्ध्या-पाऊण तासात उजेडाचं प्रमाण हजारो पटींनी घसरतं. रंगापेक्षा हे घसरणं मोठं आहे, आणि आपल्या घरांत ते होतच नाही. दिवसा दीडशे लक्स, रात्रीही दीडशे लक्स.

शहरात राहून यातलं थोडं तरी परत मिळवता येतं. राइट यांच्याच गटाने 2017 मध्ये दाखवलं की शनिवार-रविवारच्या तंबूतल्या मुक्कामानेही मेलॅटोनिनची वेळ सुमारे 1.4 तासांनी अलीकडे येते. सोमवारपासून पुन्हा बंद खोलीत बसलं की ती सरकू लागणार, म्हणून रोजची अर्ध्या तासाची सकाळ जास्त कामाची. पहाटे तालमीतून बाहेर पडणारी पोरं आणि रंकाळ्याला फेरी मारणारे आजोबा-आजी हे न शिकवता करतात.

ज्यांच्या हातात ते नाही त्यांचं काय, हा प्रश्न मला जास्त छळतो. शिरोलीच्या फाउंड्रीत रात्रपाळी करणारा कामगार किंवा शेतीपंपाला रात्रीची वीज आली म्हणून बारा वाजता उसाला पाणी पाजायला निघणारा शेतकरी, यांना ‘मोबाईल बाजूला ठेवा’ हा सल्ला काही उपयोगाचा नाही. रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्येच ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं आहे.

आणि शाळा. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरची आहे, कोल्हापूर 74.2 अंशांवर. म्हणजे इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे 33 मिनिटं मागे चालतो आणि जानेवारीत तो सातनंतरच उगवतो. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य सरकारने 2024 मध्ये घेतला, तो योग्यच होता. पण वयात येताना जैविक घड्याळ आणखी उशिराकडे सरकतं, आणि नेमक्या त्याच वयाची आठवी-नववीची मुलं अनेक ठिकाणी सातच्या सत्रासाठी अंधारात घर सोडतात आणि ट्यूबलाइटखाली बसतात. त्यांचा पहिला तास मैदानावर घेतला तर त्याला एक रुपयाही लागत नाही.