फायबरचं कनेक्शन आणि वायफाय राउटर: जोडणीआधी आणि जोडणीनंतर
(घर, दवाखाना, दुकान आणि छोट्या ऑफिससाठी माहितीपत्रक)

नवं कनेक्शन घेताना प्लॅन किती एमबीपीएसचा आहे याची चौकशी सगळेच करतात. राउटर कुठे बसवायचा, हे मात्र तार ओढायला आलेल्या मुलावर सोडलं जातं. त्याला दिवसभरात आणखी चार घरं उरकायची असतात, त्यामुळे दाराजवळ जिथे प्लग दिसेल तिथे तो डबा ठोकतो. आतल्या खोलीत रेंज नाही, व्हिडिओ कॉल अडकतो, मुलीचा ऑनलाइन क्लास तुटतो, अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा या जागेत असतं. प्लॅन वाढवून त्या सुटत नाहीत. म्हणून हे पत्रक जोडणीच्या आदल्या दिवशी वाचावं, ही विनंती. फायबर एकदा भिंतीवर ठोकली की जागा बदलायला नवी तार ओढावी लागते किंवा जोड द्यावा लागतो, आणि त्याचा खर्च वेगळा.

जागा

राउटर घराच्या साधारण मध्यावर, जमिनीपासून पाच ते सात फूट उंचीवर आणि मोकळ्यावर असावा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, शोकेसच्या बंद खणात किंवा पोटमाळ्यावर ठेवू नये. लाकडी दार किंवा प्लायवूडचं पार्टिशन लहरींना फारसं अडवत नाही. चार इंची विटांची भिंत थोडं अडवते, नऊ इंची त्याहून जास्त. आरसीसीचा कॉलम, स्लॅब, फ्रिज, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि माशांची काचपेटी यांच्या मागे सावली पडते. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंती आणि जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या भिंती असतील, तर एका राउटरवर सगळं घर चालेल ही अपेक्षा ठेवू नका. तिथे सुरुवातीपासूनच दोन ठिकाणांचा विचार करा.

एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. लहर भिंतीतून तिरकी गेली तर तिला भिंत जास्त जाड लागते. नऊ इंची भिंत ४५ अंशांत पार करायची म्हणजे जवळपास १३ इंच बांधकाम पार करायचं. घराच्या एका टोकाला राउटर असेल तर दुसऱ्या टोकाच्या खोलीपर्यंत लहरी अशाच तिरक्या जातात. मध्यावरून त्या बऱ्याच सरळ जातात.

जागा ठरवण्यासाठी इंटरनेट चालू असण्याची गरज नाही. राउटर एक्स्टेन्शन बोर्डवर लावून त्या जागी ठेवा. नेट नसलं तरी वायफायचं नाव मोबाइलवर दिसतं आणि जोडताही येतं. मोबाइलमध्ये वायफाय मोजणारं एखादं मोफत अ‍ॅप घ्या, दारं लावून घ्या आणि प्रत्येक खोलीत डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघा. तो उणेमध्ये येतो, आणि उण्यापुढचा आकडा जितका लहान तितका सिग्नल चांगला. उणे ५० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ च्या पुढे गेलं की रेंज दिसेल, पण काम होणार नाही. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि ड्रिल लावण्याआधी करायची आहे. आम्ही जोडणीला येतो तेव्हा तिच्याशिवाय भोक पाडत नाही, तुम्हीही कोणाला पाडू देऊ नका.

फायबरचा डबा

फायबरची तार ज्या डब्यात जाते तो ओएनटी. त्याच्यावरचे दोन दिवे ओळखून ठेवा. पॉन लिहिलेला हिरवा दिवा स्थिर असेल तर लाइन जिवंत आहे. एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला किंवा लुकलुकला, तर प्रकाश डब्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू केला तरी फरक पडत नाही. तार कुठे तुटली, दाबली गेली किंवा उंदराने कुरतडली, हे लाइनमनलाच बघावं लागतं.

ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये उघडतं ते) येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते. ती उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असावी. उणे २७ च्या आसपास असेल तर आज नेट चालेल, पण उद्या जोड थोडा हलला की तुटेल. जोडणीच्या दिवशीच हा आकडा विचारून लिहून ठेवा. पुढे तक्रार आली की तुलनेला तो फार उपयोगी पडतो.

फायबरला वळण द्यायचं असेल तर ते बांगडीएवढं मोठं ठेवा. कोपऱ्यावर काटकोनात दाबलेली तार बाहेरून शाबूत दिसते, पण आतून प्रकाश गळतो. खिडकीच्या सरकत्या काचेखालून किंवा दाराच्या फटीतून ती नेऊ नका. हिरव्या कनेक्टरचं टोक बोटाने पुसायचं नाही, आणि निघालेल्या टोकात डोळा लावून तर कधीच बघायचं नाही. तो प्रकाश दिसत नाही, पण लेझरचा असतो.

दुसरा राउटर लागतो का?

दरवेळी नाही. हल्लीच्या बऱ्याच ओएनटींमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही पट्ट्यांचं वायफाय असतं. डबा घराच्या मध्यावर असेल आणि घर दोन खोल्यांचं असेल, तर तेवढ्यावर भागतं. उगाच पैसे घालू नका. डबा दाराशी अडकला असेल, ओएनटीत फक्त २.४ गिगाहर्ट्झ असेल किंवा एका वेळी वीस-पंचवीस उपकरणं जोडली जात असतील, तर वेगळा राउटर घ्यावा.

घेताना खोक्यावर पोर्टचा वेग वाचा. स्वस्त राउटरांवर वायफायचा मोठा आकडा छापलेला असतो, पण मागचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. त्यातून प्रत्यक्षात ९४-९५ च्या वर काही मिळत नाही. २०० चा प्लॅन घेऊनही ज्यांचा वेग ९५ च्या पुढे जात नाही त्यांनी आधी हे तपासावं. गिगाबिट पोर्ट असलेलाच राउटर घ्या.

ओएनटीपासून राउटरपर्यंतची लॅन केबल कॅट-६ आणि शुद्ध तांब्याची असावी. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्तात मिळते. ती वळवताना लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. गिगाबिट वेगाला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एक तार जरी नीट पंच झाली नसेल तर वेग गुपचूप १०० वर उतरू शकतो, नेट मात्र चालू राहतं, म्हणून दोष सापडत नाही. केबल विजेच्या वायरींसोबत एकाच पाइपात घालू नका. वेगळी केसिंग पट्टी मारा.

जोडणीचा क्रम

१. मोबाइलचा डेटा बंद करा. हे पहिलंच पाऊल चुकतं. नव्या राउटरला अजून इंटरनेट नसतं, त्यामुळे मोबाइल परस्पर डेटावर जातो आणि राउटरचं पान उघडत नाही.

२. ओएनटीच्या पहिल्या लॅन पोर्टातून केबल काढून राउटरच्या वॅन पोर्टात (बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या) लावा. बहुतेक राउटरांवर तो निळा किंवा वेगळ्या रंगाचा असतो. केबल चुकून लॅन पोर्टात गेली तर घरातल्या मोबाइल-संगणकांना दोन उपकरणं आयपी पत्ते (जाळ्यातले ओळख क्रमांक) वाटू लागतात आणि कधी नेट येतं, कधी जातं.

३. राउटरच्या तळाशी चिकटवलेलं वायफायचं नाव आणि पासवर्ड वापरून मोबाइल जोडा. मग तिथेच लिहिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. तो सहसा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो.

४. कनेक्शनचा प्रकार निवडा. ओएनटी स्वतःच लॉगिन करत असेल तर राउटरमध्ये डायनॅमिक आयपी ठेवा. लॉगिन राउटरने करायचं असेल, म्हणजे ओएनटी ब्रिज मोडमध्ये असेल, तर पीपीपीओई निवडून कंपनीने दिलेलं नाव आणि पासवर्ड टाका. काही कंपन्यांना सोबत व्हीलॅनचा (लाइनवरच्या वेगळ्या मार्गिकेचा) क्रमांकही लागतो, तो त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो.

इथे तीन वेगळे पासवर्ड असतात आणि त्यांचा नेहमी गोंधळ होतो: वायफायचा, राउटरच्या सेटिंगचा आणि पीपीपीओईचा. तिन्ही एका कागदावर लिहून कनेक्शनच्या पावतीसोबत फाइलला लावा.

ओएनटी आणि राउटर दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर नेट पुढे सरकत नाही. बरेच राउटर स्वतःहून पत्ता बदलतात. नाही बदलला तर राउटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ करा. याहून सोपा मार्ग म्हणजे राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकणे. मग पत्ते वाटण्याचं काम ओएनटीकडे राहतं, राउटर फक्त वायफाय देतो, आणि प्रिंटर, कॅमेरे, मोबाइल सगळे एकाच जाळ्यात दिसतात. बहुतेक घरांसाठी आम्ही हाच मोड सुचवतो.

जुना राउटर काढून नवा लावला आणि सगळं बरोबर असूनही नेट आलं नाही, तर कंपनीने कनेक्शन जुन्या राउटरच्या मॅक क्रमांकाला (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधलेलं असू शकतं. फोन करून तो मोकळा करून घ्या. काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकतात, असं पीपीपीओईवर होत असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये एमटीयू (एका वेळी पाठवायच्या माहितीच्या तुकड्याचा आकार) १४९२ आहे का ते बघा.

नाव, पासवर्ड, चॅनेल

सुरक्षेत डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र पर्याय निवडा. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलं तर जुने प्रिंटर आणि स्मार्ट बल्ब जोडले जात नाहीत. पासवर्ड किमान १२ अक्षरांचा ठेवा. मोबाइल नंबर, फ्लॅट नंबर किंवा दुकानाचं नाव नको. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा, बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय बंद करा, आणि सेटिंगचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदला. वायफाय उघडं ठेवलं आणि कोणी त्यावरून गैरप्रकार केला, तर चौकशी सर्वांत आधी ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्याकडे येते.

२.४ गिगाहर्ट्झ लांब जातं, पण गर्दीचं आहे. अपार्टमेंटमध्ये याच पट्ट्यात शेजारच्या वीस घरांची वायफाय असतात, शिवाय मायक्रोवेव्ह सुरू झाला की त्याचाही गोंगाट होतो. इथे चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात मोकळं निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मधलं ३ किंवा ८ निवडलं तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी टक्कर होते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण भिंतीत लवकर संपतं. त्यात ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ ही चॅनेल निर्धोक. ५२ ते ६४ निवडल्यास बरेच राउटर आधी मिनिटभर रडार आहे का ऐकतात, आणि तोवर वायफायचं नाव दिसत नाही. लोकांना वाटतं राउटर बिघडला.

कॅमेरा, स्मार्ट प्लग आणि बल्ब बहुतेक फक्त २.४ वर चालतात. ते जोडले जात नसतील तर दोन्ही पट्ट्यांना तात्पुरती वेगळी नावं द्या.

रेंज वाढवताना

मृत कोपऱ्यातच रिपीटर (वायफाय घेऊन तेच पुढे पाठवणारा डबा) लावणं ही सगळ्यात महागडी चूक. तिथे मुळात सिग्नल नाही, तर तो पुढे काय देणार? रिपीटर वाटेवर, जिथे अजून उणे ६५ च्या आसपास मिळतं, तिथे लावायचा. तरीही एकाच पट्ट्यावर ऐकायचं आणि बोलायचं असल्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. वरच्या मजल्यावर काम करायचं असेल तर एक लॅन केबल वर नेऊन दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. मेश (एकाच नावाचं वायफाय देणाऱ्या दोन-तीन डब्यांचा संच) घेतलं तरी त्याचे डबे शक्य तिथे केबलनेच जोडा. केबलचा त्रास एक दिवसाचा असतो आणि फायदा वर्षानुवर्षं मिळतो.

ऑफिस, दवाखाना, दुकान

बिलिंगचा संगणक, सर्व्हर, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) आणि प्रिंटर वायफायवर ठेवू नका, केबलने जोडा. प्रिंटरचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर प्रिंटर हरवणार नाही. ग्राहक आणि रुग्णांसाठी गेस्ट नेटवर्क काढा. कामाचा पासवर्ड काउंटरवर चिकटवू नका. येणारे-जाणारे खूप असतील तर गेस्टचे पत्ते धरून ठेवण्याचा काळ (सेटिंगमधला लीज टाइम) दोन तासांवर आणा, नाहीतर दुपारपर्यंत पत्ते संपतात आणि नव्या माणसाचा मोबाइल जोडलाच जात नाही.

क्लाउडवर साठवणारा एक फुल एचडी कॅमेरा साधारण २ ते ४ एमबीपीएस अपलोड सतत खातो. चार कॅमेरे म्हणजे ८ ते १६. प्लॅनचा अपलोड वेग विचारून मगच असे कॅमेरे घ्या.

वीज

इन्व्हर्टर असला तरी वीज जाताना क्षणभर खंड पडतो, राउटर पुन्हा सुरू होतो आणि कॉल तुटतो. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घेतला की हा त्रास जातो. ३० वॉट-अवरची बॅटरी ओएनटी आणि राउटर मिळून १२ वॉट घेत असतील तर सुमारे दोन तास पुरते. ओएनटी आणि राउटर दोघांनाही यूपीएस लागतो, एकट्या राउटरला देऊन उपयोग नाही.

अडॅप्टर अदलाबदल करू नका. ९ आणि १२ व्होल्टच्या पिना सारख्याच दिसतात. १.५ अ‍ॅम्पिअर मागणाऱ्या राउटरला अर्ध्या अ‍ॅम्पिअरचा अडॅप्टर लावला तर तो चालू होतो, पण घरातले सगळे नेट वापरू लागले की आपोआप बंद-चालू होत राहतो.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजांचा कडकडाट सुरू झाला की प्लग काढा. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण तिच्यासोबतची पोलादी तार नेते. ती घराबाहेर हुकाला बांधून तिथेच कापलेली असावी, आत आणू नये. गच्चीवरून आलेली लॅन केबल असेल तर तीही काढा. पोर्ट जळण्याचं ते मोठं कारण आहे.

तक्रार करण्याआधी

वेग वायफायवर मोजू नका. लॅपटॉप लॅन केबलने थेट ओएनटीला लावा (ओएनटी ब्रिज मोडमध्ये असेल तर राउटरच्या लॅन पोर्टाला) आणि मग मोजा. तिथे पूर्ण वेग आला तर लाइन ठीक आहे, दोष वायफायमध्ये आहे. तिथेच कमी आला तर तक्रार कंपनीकडे करायची. डाउनलोडच्या पट्टीवर दिसणारे १२ एमबी प्रतिसेकंद म्हणजेच सुमारे १०० एमबीपीएस, त्याला कमी समजू नका.

रिसेटचं बटण दहा सेकंद दाबून धरलं की राउटरमधलं सगळं पुसलं जातं, पीपीपीओईसुद्धा. ओएनटीचं रिसेट तर अजिबात दाबू नका. कंपनीने भरलेली माहिती जाते आणि माणूस येईपर्यंत नेट बंद राहतं. बंद-चालू करायचं तर प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, आधी ओएनटी लावा, पॉनचा दिवा स्थिर झाला की राउटर लावा.

आम्हाला फोन करताना चार गोष्टी सांगा: पॉन आणि एलओएसचे दिवे कसे आहेत, केबलवर वेग किती येतो, त्रास सगळ्या घरात आहे की एकाच खोलीत, आणि एकाच मोबाइलवर आहे की सगळ्यांवर. बऱ्याचदा एवढ्यावर फोनवरच दोष सापडतो, आणि यावं लागलंच तर आमचा माणूस योग्य सामान घेऊन येतो.